कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर घेताना वॅटच्या आधी काय बघावं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. वाघोलीत चौथ्या मजल्यावर टू बीएचके, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स, हॉलमध्ये एक छोटा गालिचा. शेजारी इमारतींचं काम चालू आहे, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोट फिरवलं की रेघ उमटते. सात वर्षांच्या मुलाला धुळीची ॲलर्जी आहे, मावशींनी झाडू मारायला घेतला की त्याच्या शिंका सुरू होतात. तुम्ही तीन मशीनं बघून ठेवलीत: युरेका फोर्ब्सचा ट्रेंडी झिप, म्हणजे १००० वॅटचा पिशवीवाला, फिलिप्सचा पॉवरप्रो, १९०० वॅटचा बिनपिशवीचा, आणि कार्शरचा डब्ल्यूडी ३, १००० वॅटचा, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा १७ लिटरचा ड्रम. यातला सगळ्यात जास्त खेचणारा कोणता, रोज वापरता येईल का, आणि काकांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या मशीनवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यातच घरगुती मशीनं दुरुस्त करतो आणि त्यात व्हॅक्यूम क्लीनर पुष्कळ येतात. नवं मशीन मी विकत नाही. त्यामुळे दुकानात जे दिसतं त्याच्या पुढचं मला बघायला मिळतं: दोन वर्षांनी ते कशामुळे बंद पडतं, आणि चांगलं चालत असूनही माळ्यावर का जातं.

तुमची अडचण कमी ओढीची आहे असं मला वाटत नाही. गुळगुळीत फरशीवरची धूळ उचलायला फार ताकद लागतच नाही, कुठलंही बऱ्यापैकी मशीन ती उचलतं. तुमच्याकडची धूळ सिमेंटची आहे, पिठासारखी बारीक, आणि ती एकदा आत गेली की आतच राहायला हवी. मुलाच्या दृष्टीने दोन गोष्टी निर्णायक आहेत: मशीन चालू असताना मागच्या झरोक्यातून काय बाहेर येतं, आणि ते रिकामं करताना काय उडतं. तिन्ही मशीनं मी याच कसोटीवर लावून बघतो.

वॅटचं आधी मिटवून टाकू. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा म्हणजे मोटर वीज किती घेते तो आकडा. पॉवरप्रोच्या बाबतीत कंपनी स्वतःच दोन आकडे देते: मोटर १९०० वॅटची, आणि प्रत्यक्ष ओढण्याची ताकद जास्तीत जास्त ३७० वॅट. उरलेली वीज उष्णतेत आणि आवाजात जाते. हा त्या मशीनचा दोष नाही, सगळ्यांचंच तसं असतं, फक्त बरेच जण दुसरा आकडा छापत नाहीत. किलोपास्कलमध्ये दिलेलं सक्शन, म्हणजे ओढीचा दाब, हेही एकट्याने फार काही सांगत नाही, कारण ते नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात. तोंड बंद असताना हवा वाहत नाही, आणि धूळ तर वाहत्या हवेबरोबरच आत येते. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरला सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली, शिवाय आवाजाला ८० डेसिबलची. तिकडे घराघरांत गालिचे असतात आणि ते ९०० वॅटच्या आत साफ होतात. आपल्या टाइल्ससाठी १९०० वॅट हवेतच, असं मला एकाही घरात दिसलेलं नाही.

जास्त वॅटची एक अडचण मात्र विकणारा सांगत नाही, ती म्हणजे प्लग. आपल्याकडे २३० व्होल्ट धरले तर १००० वॅटचं मशीन साधारण साडेचार अँपिअर घेतं, १४०० वॅटचं सहाच्या काठावर जातं, आणि १९०० वॅटचं सव्वाआठ अँपिअर घेतं. घरातला साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. म्हणजे १९०० वॅटला १६ अँपिअरचा, जाड पिनांचा सॉकेट हवा, आणि तो आपल्या फ्लॅटमध्ये कुठे असतो? स्वयंपाकघरात, गिझरला, आणि बेडरूममध्ये एसीसाठी छताजवळ. हॉलमध्ये असला तर फ्रिजच्या मागे. मग लोक बाजारातून कन्व्हर्टर पिन आणून मशीन छोट्या सॉकेटला लावतात. काळवंडलेल्या, वितळलेल्या पिना घेऊन माझ्याकडे लोक येतात ते यामुळेच. आज संध्याकाळी घरभर फिरून १६ अँपिअरचे सॉकेट कुठे आहेत ते बघून घ्या. बेडरूमच्या कोपऱ्यापर्यंत कॉर्ड पुरेल का तेही मोजा. पाच मीटर कॉर्ड, दीड मीटर नळी आणि मीटरभर दांडी धरली, तर साडेसात मीटरपर्यंत पोचता येतं. एक्स्टेन्शन बोर्ड लावून रोज कुणी साफसफाई करत नाही.

आता मशीन बंद का पडतं ते सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘आवाज वाढलाय, पण पूर्वीसारखा खेचत नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं मोटर जोरात चालतेय, म्हणजे तब्येत ठणठणीत. खरं तर हवा कुठेतरी अडलेली असते. हवा कमी वाहिली की आतल्या पंख्यावरचा भार हलका होतो, मोटर जास्त वेगाने फिरते आणि आवाज चढून शिटीसारखा होतो. कॅनिस्टर, म्हणजे चाकांवरच्या डब्याच्या सुक्या मशीनमध्ये मोटर गार ठेवायला वेगळी सोय नसते. नळीतून आलेली, फिल्टरमधून गाळलेली हवाच मोटरवरून जाते आणि मागून बाहेर पडते. ती अडली की मोटर तापते, तापली की थर्मल कट-आउट तिला बंद करतो, अर्ध्या-पाऊण तासाने ती पुन्हा चालू होते. लोकांना वाटतं, झालं ठीक. महिनाभर असं चाललं की मशीन माझ्या टेबलावर येतं.

नुकतंच असं एक उघडलं. नव्या फ्लॅटमध्ये पीओपी आणि फर्निचरचं काम झाल्यावर त्या कुटुंबाने सगळी सफाई त्याच मशीनने केली होती. मोटरच्या आधीचा फिल्टर एका कडेने फाटलेला. पंख्याच्या पात्यांमध्ये पांढरा थर असा बसला होता की स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावा लागला. बेअरिंग बोटाने फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं लागत होतं. कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, नवे असताना बोटाच्या पेराएवढे लांब असतात, ते नखाएवढे उरले होते, आणि ज्यावर ते घासतात तो तांब्याचा भाग काळाठिक्कर. मोटर बदलण्याशिवाय इलाज नव्हता. कामानंतर साचलेलं सिमेंट, पीओपी, रांगोळी आणि उदबत्तीची राख या चार गोष्टी आधी ओल्या फडक्याने किंवा सुपलीत भरून काढा, मग मशीन फिरवा. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, दिवाळीनंतर माझ्याकडे गर्दी होते ती तिच्यामुळेच. राख तर पूर्ण विझल्याची खात्री असल्याशिवाय ओढूच नका, पिशवीच्या आत ठिणगी फुलते.

म्हणून माझ्या दृष्टीने मशीनचा प्राण पिशवीत आणि फिल्टरमध्ये आहे, आणि तुमच्या तीन पर्यायांत फरक पडतो तोही इथेच.

बिनपिशवीच्या मशीनमध्ये हवा गरागरा फिरते, जड कचरा कडेला फेकला जाऊन पारदर्शक डब्यात पडतो. केस, खडे, खाकरा-चिवड्याचा चुरा, गालिच्याचे धागे याला ही रचना उत्तम. किती कचरा निघाला ते दिसतं, पिशव्यांचा खर्च नाही. पण अगदी बारीक धूळ फेकली जात नाही, ती हवेबरोबर पुढे फिल्टरवर जाऊन बसते. तुमच्याकडे नेमकी तीच धूळ जास्त आहे. म्हणजे दर एक-दोन वापरांनंतर डबा उघडून झटका, फिल्टर काढून आपटा किंवा धुवा. डबा कचऱ्याच्या बादलीवर उलटा केला की करड्या धुळीचा लोट वर येतो, तो बघितल्याशिवाय कळत नाही. घरात ॲलर्जीचं मूल नसतं तर मी याला एवढा नकार दिला नसता. कुत्रा-मांजर असलेल्या, गालिचे जास्त असलेल्या घरांना मी हाच प्रकार सुचवतो.

पिशवीवाल्यात धूळ पिशवीतच राहते आणि पिशवीच गाळणीचं पहिलं काम करते. पण इथे एक प्रश्न विक्रेत्याला नक्की विचारा: पिशवी कापडाची, पुन्हा वापरायची आहे, की वापरून टाकून द्यायची? आपल्याकडे पिशवीवाली बरीच मशीनं कापडी पिशवीवर चालतात. कापडी पिशवी झटकताना बिनपिशवीच्या डब्याइतकीच धूळ उडते, शिवाय विणीतून बारीक धूळ निसटून फिल्टरवर येते ती वेगळीच. तुम्हाला हवी ती अनेक पदरी, न विणलेल्या कापडासारख्या दिसणाऱ्या कागदाची, टाकून द्यायची पिशवी. ती बाहेर काढतानाच तिच्या तोंडाचं पुठ्ठ्याचं झाकण सरकवून बंद करता येत असेल तर फारच चांगलं. ट्रेंडी झिपला अशी पिशवी तुमच्या भागात सहज मिळते का ते घेण्याआधी फोन करून विचारा, आणि मिळत असेल तर वर्षभराच्या एकदमच आणा. मशीन ठणठणीत आणि पिशव्या मिळत नाहीत, अशी तक्रार मी मोटर जळण्याइतकीच ऐकतो.

पिशवी पूर्ण भरेपर्यंत वाट बघायची नाही. सिमेंटच्या धुळीने ती अर्धी भरलेली असतानाच तिची छिद्रं बुजतात. पिशवी भरल्याची खूण दाखवणारी खिडकी असते, ती हवेच्या दाबावर चालते, त्यामुळे नळीत मोजा अडकला तरी ती लाल होते. अशा वेळी नळी काढून उभी धरा आणि वरून एखादं खोडरबर सोडा. खाली पडलं तर नळी मोकळी आहे, दोष पिशवीत किंवा फिल्टरमध्ये.

हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मुलासाठी ते महत्त्वाचं आहे. नुसतं ‘हेपा’ लिहिलेलं पुरेसं नाही, वर्ग बघा. एच १३ वर्गाचा फिल्टर गाळायला सगळ्यात अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. पण हवा फिल्टरमधून न जाता कडेच्या फटीतून निसटली तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून झाकणाची रबरी कड हाताने दाबून बघा, ती सलग आणि घट्ट हवी. घरी डेमो मिळाला तर फरशीवर चिमूटभर टाल्कम पावडर पसरा, खोलीत अंधार करा, मिनिटभर मशीन चालू द्या आणि मग पावडर ओढताना मागच्या झरोक्यासमोर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. प्रकाशाच्या पट्ट्यात कणांचा धूर दिसला तर ते मशीन तुमच्या मुलासाठी नाही, मग नाव कितीही मोठं असो.

तरीही मशीनकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नका. गादीतले धूळकिडे धाग्यांना घट्ट धरून बसतात, वरवर मशीन फिरवून ते सगळे निघत नाहीत. त्यांची विष्ठा आणि कातडीची गळलेली खपलं मात्र निघतात, आणि त्रास बराचसा त्या विष्ठेनेच होतो. गादीवर हळू, एकाच जागेवरून दोन-तीनदा नोझल फिरवा. उशीचे अभ्रे आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा. सफाई चालू असताना आणि नंतर थोडा वेळ मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पिशवी त्याच्यासमोर बदलू नका. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा, त्यात मी बोलत नाही.

ड्रमवाल्याबद्दल थोडक्यात. मजबूत मशीन, मोटर गार ठेवायला वेगळी हवा घेतं म्हणून तापायची भीती कमी, पावसाळ्यात बाल्कनीत तुंबलेलं पाणी ओढतं. बंगला, अंगण, गाडी, वर्कशॉप असेल तर मी हेच घ्यायला सांगेन. चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत रोज बाहेर काढायला ते अवजड आहे. नेहमीच्या वापरासाठी तुम्ही घेऊ नका. पुढेमागे घरात फर्निचरचं काम काढलंत तर भाड्याने आणा. आणि उलट बाजूने हेही सांगतो, की सुक्या मशीनने सांडलेलं दूध किंवा नुकती पुसलेली ओली फरशी कधीही ओढू नका. ते पाणी थेट मोटरवर जातं.

राहिला प्रश्न रोज वापरण्याचा, आणि तो खरं तर कोण वापरणार यावर अवलंबून आहे. मावशी वापरणार असतील तर त्यांना दोन दिवस सोबत उभं राहून दाखवा आणि घेतानाच त्यांच्या सोयीचं घ्या. दांडी स्टीलची, सरकवून लांब करता येणारी हवी. प्लॅस्टिकचे जोडायचे तुकडे थोड्या दिवसांत सैल होतात आणि दांडी आखूड पडली की कंबर धरते. चाकं मोठी हवीत, म्हणजे उंबरठ्यावर मशीन अडखळत नाही. नळी धरून मशीन ओढायची सवय मात्र मोडा, नळी मुठीजवळ आणि मशीनच्या तोंडाशी तडकते ती त्यामुळेच. खोक्यात ब्रश भरपूर येतात, पण तुम्हाला लागणार तीन: फरशीसाठी मऊ केसांचा रुंद ब्रश, स्लायडिंग खिडकीच्या खाचेसाठी चपटं लांब तोंड, आणि सोफा-गादीचं नोझल. फरशीचा मऊ ब्रश नसेल तर वेगळा विकत घ्या. नुसतं कडक प्लॅस्टिकचं नोझल टाइलला चिकटतं, करकरतं, आणि चार दिवसांत झाडू परत हातात येतो.

माझ्या अनुभवात घरं अशी घडी बसवतात: रोज हॉल आणि मुलाची खोली, पंधरा-वीस मिनिटं, आणि आठवड्यातून एकदा गादी, सोफा, पडदे, पंख्याची पाती, एसीची जाळी. १००० वॅटचं मशीन वीस मिनिटं चालवलं तर युनिटचा तिसरा हिस्सा जळतो, त्यामुळे बिलाची काळजी नको. आधी वरची धूळ, मग फरशी, आणि पोछा सगळ्यात शेवटी. शेजारी काँक्रीटचं किंवा फोडाफोडीचं काम चालू असेल तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्यात, तर मशीनचं निम्मं काम तिथेच वाचतं.

पावसाळ्यात दोन गोष्टी सांभाळा. धुतलेला फिल्टर उन्हाळ्यात दिवसभरात वाळतो, जुलैमध्ये दोन-तीन दिवसांनीही मध्यभागी ओलसर असतो. ओला फिल्टर बसवला की कुबट वास येतो आणि दमट धुळीचा लगदा त्यावर चिकटतो. एक जादा फिल्टर घरात ठेवा म्हणजे घाई होत नाही. आणि अर्धी भरलेली पिशवी मशीनमध्ये ठेवून पंधरा दिवस गावी जाऊ नका, तिच्यात बुरशी धरते आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी ती मुलाच्या नाकात जाते.

तर तुमच्या घरासाठी माझं मत पिशवीवाल्या १००० ते १२०० वॅटच्या मशीनला, टाकून द्यायची पिशवी आणि घट्ट बसणारा फिल्टर मिळत असेल या अटीवर. तुमच्या यादीत त्यातल्या त्यात ट्रेंडी झिप बसतो. फक्त टाकाऊ पिशवी किंवा चांगला फिल्टर त्याला मिळत नाही असं कळलं, तर यादी बाजूला ठेवून याच प्रकारातलं, एच १३ फिल्टरचं दुसरं मशीन शोधा, थोडे पैसे जास्त गेले तरी. पॉवरप्रोकडे वळू नका.

शेवटी काकांच्या मशीनबद्दल. युरेका फोर्ब्स १९८२ मध्ये सुरू झाली आणि तिचे विक्रेते दारोदार येऊन गादीवर मशीन चालवून दाखवायचे, त्या काळात पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत पहिला व्हॅक्यूम क्लीनर आला. काकांचा त्यातलाच असेल तर त्याचा सांगाडा दणकट असण्याची शक्यता आहे. चालू करण्याआधी वायर पूर्ण बाहेर ओढून कुठे चिरली आहे का बघा, आत झुरळांची घरटी नाहीत ना तेही बघा. मग नळी न लावता मिनिटभर चालवा. आवाज एकसारखा आला, जळका वास नाही, मागून फार ठिणग्या दिसत नाहीत, तर कार्बन आणि नळी बदलून ते पुन्हा उभं राहील, आणि तो खर्च नव्या मशीनच्या मानाने किरकोळ असतो. पण त्या मॉडेलला टाकाऊ पिशवी आणि मागचा फिल्टर मिळायलाच हवा. एवढ्या जुन्या मॉडेलची कापडी पिशवीच मिळते आणि फिल्टर फोमचा असतो, असं निघालं तर ते मशीन मुलाच्या खोलीत आणू नका. काकांची गाडी साफ करायला ते अजून बरीच वर्षं चालेल.